स्वेटर की गोधडी?

मुंबईत जानेवारीच्या पहाटे पारा १५-१६ अंशांवर आला की कुत्र्याला स्वेटर चढवायची घाई होते. पण झोपलेल्या कुत्र्याच्या अंगातली ऊब खेचते ती गार लादी. म्हणून आधी गोधडी: चार पदरी घडी, खाली गोणपाट किंवा पुठ्ठा, जागा खिडकीच्या वाऱ्यापासून दूर. दर आठवड्याला धुऊन कडक उन्हात वाळवा. दमट राहिली तर कुबट वास ठरलेलाच.

स्वेटर फक्त पिल्लाला, म्हाताऱ्या किंवा आखूड केसांच्या कुत्र्याला, तोही पहाटेच्या फेरीपुरता. गळ्याशी दोन बोटं सहज जावीत. काखेत घासला तर कातडी लाल होते. दुपारी पारा तिशीला टेकतो, तेव्हा काढाच. मांजराला घालून बघा, जागचं हलणार नाही!