शून्य डॉलरलाही गिऱ्हाईक मिळेना: पॉइंटवाल्या टाइमशेअरमधून सुटण्याच्या वाटांचा आढावा

टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या रिसॉर्टमधला वापराचा हिस्सा; पॉइंटवाल्यात दरवर्षी पॉइंट मिळतात आणि त्यावर खोली बुक होते. अमेरिकेत पंधरा-वीस हजार डॉलर मोजून घेतलेल्या अशा टाइमशेअरची दुसऱ्या हाताची किंमत बऱ्याचदा शून्य असते. त्या शून्यालाही घेणारा शोधावा लागतो, कारण त्याच्या पदरात पॉइंटांबरोबर दरवर्षीचं मेंटेनन्सचं बिल पडतं आणि ते बिल वर्षागणिक फुगत जातं. त्यामुळे ‘मी किती भरले होते’ हा हिशेब आधी बाजूला ठेवावा. घेणारा फक्त बिल बघतो.

सुटायच्या वाटा चार: कंपनीला परत करणं, ओळखीच्या किंवा अनोळखी माणसाला फुकट देणं, धर्मादाय संस्थेला दान करणं आणि ‘आम्ही सोडवतो’ म्हणणाऱ्या कंपनीला पैसे देणं. पहिल्या दोन चालतात, तिसरी जवळजवळ बंद आहे आणि चौथीकडे फिरकूही नये.

त्याआधी दोन अपवाद. खरेदी ताजी असेल तर देण्याघेण्याच्या भानगडीत पडू नका, करारच रद्द करा. फ्लोरिडात त्यासाठी १० दिवस मिळतात, कॅलिफोर्नियात ७, नेवाडात ५. करारात सांगितलेल्या पत्त्यावर, करारात सांगितलेल्या पद्धतीने लेखी पत्र पाठवा आणि पोचपावती जपा. सेल्समनला फोन केला तर तो दिवस ढकलत बसतो. दुसरा अपवाद डिस्नी व्हेकेशन क्लबचा, म्हणजे डिस्नीच्या टाइमशेअरचा. त्याच्या पॉइंटांना दुसऱ्या हातालाही चांगला भाव येतो. त्याच्या बोर्डवॉक आणि बीच क्लब या रिसॉर्टचे करार २०४२च्या जानेवारीअखेर संपतात, तरी ते विकले जातात. असा करार फुकट मागणारा भेटला तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

आता बिलाचं गणित, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. वर्षाची एकूण फी घ्या आणि दर हजार पॉइंटांना किती पडते ते काढा. समजा दोघांकडे एकाच क्लबचे २,००,००० पॉइंट आहेत. एकाची फी वर्षाला १,३०० डॉलर, म्हणजे हजारी साडेसहा. दुसऱ्याची २,०००, म्हणजे हजारी दहा. पॉइंट तेच, बुकिंगची साइट तीच, मग फरक का? डीड (मालकीचा दस्त) ज्या रिसॉर्टचं, त्या रिसॉर्टच्या खर्चावर फी ठरते. समुद्रकाठच्या, विम्याला महाग असलेल्या इमारतीची फी डोंगरातल्या इमारतीपेक्षा जास्त असू शकते. आता एका आठवड्याला १,५०,००० पॉइंट लागतात असं धरा. पहिल्याला तो आठवडा ९७५ डॉलरला पडतो, दुसऱ्याला १,५०० ला. तीच खोली हॉटेलच्या साइटवर १,२०० ला मिळत असेल तर पहिला करार आठवड्याभरात उचलला जाईल आणि दुसरा वर्षभर पडून राहील. हे गणित न करता जाहिरात टाकणारे ‘फुकट देतोय तरी कोणी विचारत नाही’ म्हणून कपाळाला हात लावतात.

हिल्टन ग्रँड व्हेकेशन्स या टाइमशेअर कंपनीत गणित थोडं वेगळं लागतं. तिथे फी साधारणपणे युनिटच्या आकारावर असते आणि पॉइंट हंगामावर. म्हणून प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या हंगामाचा करार त्याच फीत जास्त पॉइंट देतो. एकाच इमारतीतला गोल्ड करार अडून बसतो आणि प्लॅटिनम करार निघून जातो, त्याचं कारण हे.

कंपनीला परत करणं: आधी इथेच जा

परत घेण्याची योजना मोठ्या कंपन्यांकडे असते, पण विक्रीच्या बैठकीत तिचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. क्लब विंडहॅमची सर्टिफाइड एक्झिट (आधी तिलाच ओव्हेशन म्हणत) आणि हॉलिडे इन क्लबची होरायझन्स ही ठळक नावं. आपल्या कंपनीचं दार कुठलं ते टाइमशेअर उद्योगाच्या संघटनेच्या ‘रिस्पॉन्सिबल एक्झिट’ या साइटवरून कळतं. फोन करताना ‘विकायचंय’ म्हणू नका, नाहीतर फोन विक्री विभागाकडे वळतो आणि नवीन पॉइंट घेतल्यावर जुने कसे ‘अॅडजस्ट’ होतील हे ऐकत बसावं लागतं. ‘मला मालकी परत करायची आहे, त्या विभागाला जोडा’ एवढंच म्हणा.

नेहमीच्या अटी दोन: कर्ज पूर्ण फिटलेलं हवं आणि फी थकलेली नको. कर्ज बाकी असेल तर सगळ्याच वाटा तिथे अडतात, फुकट देण्याचीही. एकच सूट कधीकधी मिळते: आजारपण, वय, जोडीदाराचं निधन अशा कारणांनी कंपन्या थोडं नमतं घेतात, म्हणून कारण लेखी द्या आणि कागद जोडा.

या वाटेचे दोष तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवेत. कंपनीवर परत घेण्याची सक्ती नसते. काही करार ती नाकारते, आणि नियम अधूनमधून बदलतात. काम महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं आणि तेवढ्यात पुढच्या वर्षाचं बिल आलं तर ते भरावं लागतं. उरलेले पॉइंट बुडतात की वापरता येतात हे सही करण्याआधी लेखी विचारा. तरीही पहिला नंबर याच वाटेचा. पुढचा मालक कंपनी स्वतःच असल्यामुळे बिल परत तुमच्याकडे येण्याची भीती राहत नाही.

माणसाला फुकट देणं: चालतं, पण कागद नीट हवेत

हजारी दर कमी असेल तर ही वाट लवकर संपते. मालकांसाठीच्या जाहिरात साइटवर ‘मोफत’ असा स्वतंत्र विभाग असतो, तिथे जाहिरात टाका. ‘सुंदर रिसॉर्ट, कुटुंबासाठी उत्तम’ याला घेणारा भुलत नाही. त्याला असं काहीतरी हवं असतं: ‘वार्षिक २,००,००० पॉइंट, वापरवर्ष एप्रिल ते मार्च, या वर्षाचे १,४०,००० शिल्लक, पुढच्या वर्षातून उसने घेतलेले शून्य, फी महिन्याला १०८ डॉलर, मार्चपर्यंत भरलेली, कर्ज नाही, डीड अमुक रिसॉर्टचं, ट्रान्सफरचा खर्च माझ्याकडे.’ करार वर्षाआड वापराचा असेल तर सम की विषम वर्षाचा तेही लिहा. पुढच्या वर्षाचे पॉइंट आधीच उसने घेऊन वापरलेत आणि सांगितलं नाहीत तर सौदा शेवटच्या आठवड्यात मोडतो, कारण कंपनीचं पत्र आलं की ते उघड होतंच.

ट्रान्सफरचा खर्च देणाऱ्याने करायचा हा आता रिवाजच झाला आहे. डीड बनवणं, नोंदणी आणि कंपनीची ट्रान्सफर फी मिळून काहीशे डॉलर लागतात. एका वर्षाची फी वाचवायला ते मोजणं परवडतं. वर्षअखेरीस पुढचं बिल येणार म्हणून देणाऱ्यांची झुंबड उडते. तुमचा करार उन्हाळ्यातच, वर्षाचे पॉइंट शाबूत असताना पुढे केलात तर गर्दी कमी लागते.

व्हीआयपी दर्जाबद्दल खोटी आशा दाखवू नका. कंपनीकडून थेट घेतलेल्या पॉइंटांवर मिळणाऱ्या सवलती दुसऱ्या हाताला बहुतेक ठिकाणी जात नाहीत. आरसीआय किंवा इंटरव्हल या अदलाबदलीच्या कंपन्यांमध्ये टाकून ठेवलेले पॉइंटही आपोआप पुढच्याच्या नावावर होत नाहीत. ते आधी वापरून टाका. पुढची बुकिंग असतील तर ती ट्रान्सफरच्या दिवशी रद्द होतात का, हे कंपनीला विचारून ठेवा.

आता कागदांचा क्रम. सगळ्यात आधी कंपनीकडून मालकीच्या स्थितीचं पत्र मागवा. मालकांची नावं, पॉइंट, कर्ज, फी, वापरवर्ष हे सगळं त्यात असतं. मग मालकी कुठल्या प्रकारची ते बघा. डीड असेल तर ती स्थावर मालमत्ता आहे आणि काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या दप्तरात, नोंद लागते. ट्रस्टचे पॉइंट (इमारती ट्रस्टच्या नावावर, तुमच्याकडे फक्त पॉइंट) किंवा नुसता वापराचा हक्क असेल तर अनेकदा काउंटीचा फेरा वाचतो आणि कंपनीचा फॉर्म पुरतो. काही पॉइंटवाल्या डीडमध्ये एक मजा असते: तुमचा हिस्सा अपूर्णांकात लिहिलेला असतो, वर तुमचे पॉइंट आणि खाली त्या इमारतीचे एकूण पॉइंट, कोट्यवधीत. हा अपूर्णांक आणि त्याच्या पुढचं युनिटांचं वर्णन जुन्या डीडवरून अक्षर न् अक्षर उतरवावं लागतं. एक शून्य गळलं की कंपनी कागद परत पाठवते, आणि चूक दुरुस्त करायला पुन्हा सगळ्यांच्या सह्या, पुन्हा नोटरी, पुन्हा नोंदणीची फी.

मराठी नावांचा घोळ इथे हमखास होतो. एका कागदावर मधलं नाव वडिलांचं, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, आणि पासपोर्टवर तेही नाही. डीडवर जसं आहे तसंच नाव देणाऱ्याच्या जागी यायला हवं. आता नाव वेगळं असेल तर ‘पूर्वीचं नाव अमुक’ अशी ओळ घाला. डीडवर जितकी नावं तितक्या सह्या. घटस्फोट झालेला जोडीदार असो वा भारतात परतलेले आईवडील, कोणाचीच सही सुटत नाही. भारतातून सही करायची तर अमेरिकन वकिलातीत नोटरी होते, शिक्क्याला ५० डॉलर पडतात. किंवा तिथल्या नोटरीवर अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) घेता येतं. फ्लोरिडाने जानेवारी २०२० पासून व्हिडिओवरची नोटरीही मान्य केली आहे. त्याच फ्लोरिडात डीडला नोटरीशिवाय दोन साक्षीदार लागतात, हे दुसऱ्या राज्यातला डीड लिहिणारा विसरतो. नोंदणीची फी तिथे पहिल्या पानाला १० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक पानाला साडेआठ. नेवाडात डीडबरोबर किमतीचं वेगळं घोषणापत्र जोडावं लागतं.

काउंटीत नोंद झाली म्हणजे सुटलो असं समजणारे पुष्कळ भेटतात. काउंटीचं दप्तर आणि कंपनीचं खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदलेल्या डीडची प्रत, ट्रान्सफर फी आणि नव्या मालकाचा अर्ज कंपनीकडे पोचून खात्यावर नाव बदलेपर्यंत बिल तुमच्याच नावाने निघतं. कंपनीला पहिल्या खरेदीचा हक्क असेल तर ‘आम्ही तो वापरत नाही’ असं पत्रही आधी घ्यावं लागतं.

हे सगळं स्वतः करता येतं, पण टाइमशेअरचीच कामं करणारी क्लोजिंग कंपनी (मालकी बदलाचे कागद पूर्ण करून देणारी) घेतली तर पैसे वाया जात नाहीत. तिला परवाना कुठल्या राज्याचा, पैसे एस्क्रोमध्ये (काम पूर्ण होईपर्यंत तिऱ्हाइताच्या खात्यात) राहतात का, आणि कंपनीच्या खात्यावर नाव बदलेपर्यंत काम तिच्याकडेच असतं का, एवढं विचारा. फक्त डीड बनवून हात झटकणारी सेवा स्वस्त दिसते आणि अर्ध्यावर सोडते.

‘आम्ही सोडवतो’वाले: चार हात दूर

यांचं पोस्टकार्ड घरी येतं, मग हॉटेलात मोफत जेवण, मग काही हजारांचा आकडा, आगाऊ. काही जण पैसे घेऊन काहीच करत नाहीत. काही जण फी भरणं थांबवायला सांगतात, थकबाकीवर जप्ती येते आणि तिलाच ‘सुटका’ म्हणतात. क्रेडिट रिपोर्टवरचा डाग तुमचा. आणखी काही जण तुमचे पॉइंट खिशात दमडी नसलेल्या एखाद्या कागदी कंपनीच्या नावावर करून मोकळे होतात. ती कंपनी फी भरत नाही, रिसॉर्टच्या मालकांची असोसिएशन हस्तांतरावरच हरकत घेते आणि प्रकरण फिरून पुन्हा तुमच्या दारात येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने विस्कॉन्सिन राज्याला सोबत घेऊन अशाच एका जाळ्यावर दावा लावला. आरोपातला आकडा ९ कोटी डॉलरच्या वर होता आणि फसलेल्यांत वयस्कर माणसं बरीच.

याचा जुळा भाऊ म्हणजे ‘तुमच्या पॉइंटांना मेक्सिकोत गिऱ्हाईक तयार आहे’ हा फोन. फक्त कर आधी भरा, मग एस्क्रोची फी, मग दंड. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने प्वेर्तो व्हायार्ता भागातल्या अशा कंपन्यांवर निर्बंध घातले, त्या ड्रगच्या टोळीशी जोडलेल्या निघाल्या. पैसे मिळण्याआधी पैसे मागणारा कोणीही असो, फोन ठेवा.

दानाबद्दल थोडक्यात: चालू बिल असलेली वस्तू बहुतेक संस्था घेत नाहीत. घेतली तरी करसवलत बाजारभावाइतकीच मिळते, आणि बाजारभाव शून्याच्या आसपास. खरेदीची किंमत दाखवून मोठी वजावट सुचवणाऱ्याला नाही म्हणा. वापरासाठी घेतलेल्या टाइमशेअरचा तोटाही करात वजा होत नाही.

आपल्यामागे टाइमशेअर मुलांच्या गळ्यात पडेल ही धास्ती अनेकांना असते. वारसाला तो नाकारता येतो. करकायद्याच्या दृष्टीने लेखी नकार ९ महिन्यांच्या आत द्यावा लागतो, आणि तोवर त्या पॉइंटांवर एकही रात्र काढलेली नसावी. मृत्युपत्र करताना वकिलाला टाइमशेअरचं नाव घेऊन हे सांगा. मुलांची नावं ‘सोयीसाठी’ डीडवर आधीच घालून ठेवली असतील तर मात्र ही पळवाट उरत नाही. ती मालकच आहेत, आणि वर सांगितलेल्या सह्यांच्या रांगेत त्यांनाही उभं राहावं लागेल.

ऑटो-पे बंद करायची घाई नको. नव्या मालकाच्या नावाने खातं झाल्याचं कंपनीचं पत्र हातात आल्यावरच बँकेला कळवा. मधल्या काळात एखादा हप्ता जास्त गेलाच तर तो नव्या मालकाकडून कसा घ्यायचा हे देण्याच्या करारात एका ओळीत आधीच लिहून ठेवा. पत्राची प्रत, नोंदलेल्या डीडची प्रत आणि फी भरल्याच्या पावत्या एका फोल्डरमध्ये ठेवा. वसुलीवाल्यांची जुनी यादी कधी कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, आणि त्यांच्या पहिल्याच पत्राला उत्तर म्हणून हे तीन कागद पुरतात.