पहिले सिझेरियन झाल्यानंतर दुसरी खेप : नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न की ठरवून सिझेरियन?

पहिले मूल सिझेरियनने झालेल्या स्त्रीला दुसऱ्या खेपेला ‘नॉर्मल की सिझर’ असे विचारले जाते, पण हा प्रश्न अपुरा आहे. बाळंतपणाचा शेवट तीन प्रकारे होऊ शकतो : नैसर्गिक प्रसूती सुखरूप पार पडते, ठरलेल्या तारखेला सिझेरियन होते, किंवा कळा सुरू झाल्यावर प्रयत्न सोडून तातडीचे सिझेरियन करावे लागते. यांपैकी पहिल्या प्रकारात आईला सर्वांत कमी गुंतागुंत होते, तिसऱ्यात सर्वांत जास्त, आणि ठरवून केलेले सिझेरियन या दोहोंच्या मध्ये येते. म्हणून जिला निर्णय घ्यायचा आहे तिने आधी हे पाहावे, की प्रयत्न केला तर आपण पहिल्या गटात जाण्याची शक्यता किती आणि तिसऱ्या गटात जाण्याची किती.

‘एकदा सिझर की कायम सिझर’ हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन या डॉक्टरांनी 1916 मध्ये लिहिले, तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेतला जात असे आणि तो पुढच्या कळांमध्ये फाटण्याची भीती खरोखर मोठी होती. आज बहुतेक वेळा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असतो आणि तो कळांचा ताण पुष्कळ चांगला सोसतो. मात्र पोटावरची आडवी खूण पाहून आतला छेदही आडवाच असेल असे धरून चालू नये. ते फक्त शस्त्रक्रियेच्या नोंदीवरून कळते. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, त्यामुळे ती नोंद माहेरच्या गावातील रुग्णालयात आणि गरोदर स्त्री सासरी किंवा नोकरीच्या शहरात, असे वारंवार घडते. डिस्चार्ज कार्डावर अनेकदा नुसते ‘सिझेरियन’ एवढेच असते. सविस्तर नोंदीची प्रत तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच मागवून घ्यावी. आतला छेद उभा असेल, किंवा पूर्वी गर्भाशय फाटले असेल, तर तुलना तिथेच संपते आणि ठरवून सिझेरियन हाच मार्ग उरतो.

प्रयत्न करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साधारण 60 ते 80 जणींची नैसर्गिक प्रसूती होते. पहिले सिझेरियन बाळ पायाळू असल्यामुळे झाले असेल तर यशाची शक्यता अधिक, कळा देऊनही प्रसूती पुढे न सरकल्यामुळे झाले असेल तर कमी. सिझेरियनच्या आधी किंवा नंतर एकदा जरी नैसर्गिक प्रसूती झालेली असेल तर हे प्रमाण 85 ते 90 पर्यंत जाते, आणि अशा स्त्रीला केवळ जुन्या टाक्यांच्या धाकाने दुसरे सिझेरियन सुचवणे मला योग्य वाटत नाही.

खरी भीती असते ती पिशवीचे टाके उसवण्याची. कळांचा प्रयत्न करणाऱ्या सुमारे 200 स्त्रियांमध्ये एकीचे गर्भाशय फाटते. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये हे प्रमाण दहा हजारांत दोनपेक्षाही कमी आहे. ब्रिटनमधील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शनानुसार प्रयत्नाच्या वेळी बाळ दगावण्याचे प्रमाण दहा हजारांत चार, तर ठरवलेल्या सिझेरियनमध्ये दहा हजारांत एक असते. पहिलटकरणीच्या कळांमध्येही बाळ दगावण्याचा धोका साधारण प्रयत्नाएवढाच असतो, ही गोष्ट घाबरलेल्या कुटुंबाला सांगितली गेली पाहिजे. पण हे आकडे अशा ठिकाणचे आहेत जिथे कळा सुरू असताना बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष असते आणि गरज पडताच लगेच शस्त्रक्रिया करता येते. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागत असेल किंवा रक्त दुसऱ्या गावच्या रक्तपेढीतून आणावे लागत असेल, तर त्या रुग्णालयासाठी हे आकडे लागू धरू नयेत. तिथे ठरवून सिझेरियन करणेच मला अधिक सुरक्षित वाटते. औषधाने कळा आणल्यास टाके उसवण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि मागच्या सिझेरियनला दीड वर्षही झाले नसेल तरी तो वाढतो.

मग ठरवलेल्या सिझेरियनची किंमत काय? बरे व्हायला लागणारा वेळ आणि घरात पहिले लहान मूल, हे तर उघडच आहे. अधिक गंभीर बाब पुढच्या खेपांची आहे. वार (प्लासेंटा) खाली, जुन्या व्रणावर बसली, तर ती गर्भाशयात रुतण्याची शक्यता एका सिझेरियननंतर सुमारे 11 टक्के, तर दोन सिझेरियननंतर सुमारे 40 टक्के असते, आणि अशा वेळी रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशय काढावे लागू शकते. ज्या जोडप्याला तिसरे मूल हवे आहे त्यांनी हा आकडा सर्वांत वर ठेवावा. ज्यांना दुसऱ्या मुलावर थांबायचे आहे त्यांच्यासाठी त्याचे वजन कमी आहे. उलट बाजूने, नैसर्गिक प्रसूतीत शंभरात सुमारे पाच जणींना गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी जखम होते, हेही आधी सांगितले जावे.

बाळाचा विचार करता, सिझेरियनने जन्मलेल्या बाळाला सुरुवातीला धाप लागण्याचे प्रमाण थोडे जास्त असते आणि 39 आठवडे पूर्ण होण्याआधी शस्त्रक्रिया केल्यास ते आणखी वाढते. मुहूर्त पाहायचाच असेल तर तो 39 आठवड्यांनंतरचा पाहावा. त्यासाठी तारीख अलीकडे ओढू नये.

सिझेरियनची तारीख ठरवलेल्या दहांपैकी साधारण एका स्त्रीला त्या तारखेआधीच कळा सुरू होतात. तेव्हा लगेच शस्त्रक्रिया करायची की प्रसूती वेगाने पुढे सरकत असेल तर होऊ द्यायची, हे डॉक्टरांशी आधी बोलून फाइलमध्ये लिहून घ्यावे, आणि शेवटच्या महिन्यात त्या रुग्णालयापासून लांबचा प्रवास टाळावा.