मेरी, लिंडा, जेनिफर : नावांच्या सरकारी नोंदवहीविषयी

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाची (निवृत्तिवेतनासारख्या सामाजिक सुरक्षा योजना पाहणाऱ्या सरकारी खात्याची) बाळांच्या नावांची मोफत ऑनलाइन सेवा १८८० पासूनची आकडेवारी दाखवते. मात्र ती या खात्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या कार्डासाठी आलेल्या अर्जांवर आधारलेली असल्याने, आणि १९३७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांनी असा अर्ज कधी केलाच नसल्याने, सुरुवातीची दशके जपूनच वाचावीत. १९४७ मध्ये लिंडाने मेरीला मागे टाकले आणि पुढे १९७० ते १९८४ अशी सलग १५ वर्षे जेनिफर पहिली राहिली (आज ही नावे आजीची आणि आईची वाटतात), हे चाळताना वेळेचे भान राहत नाही. उणीव म्हणजे प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र मोजले जाते, त्यामुळे तिथल्या मराठी घरांतील ‘आर्या’ दोन-तीन ठिकाणी विखुरते.