थेट तार की भद्रावतीसारखं स्टेशन?

एखाद्या प्रदेशाची वीज दुसऱ्या ग्रीडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडायची तर वाटा दोन: थेट एसी (दिशा सतत बदलणाऱ्या विजेची) लाइन, नाहीतर मधे एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या) विजेचं स्टेशन. दुसरी वाट नागपूरकरांच्या शेजारचीच. चंद्रपूर रस्त्यावर भद्रावतीला १,००० मेगावॉटचं स्टेशन आहे. पश्चिमेची एसी वीज तिथे डीसी होते आणि त्याच आवारात पुन्हा एसी होऊन दक्षिणेकडे निघते. दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे एसीची सेकंदाला होणारी आवर्तनं, जुळलीच पाहिजे असं नाही. किती वीज सोडायची तेही ऑपरेटर ठरवतो. ३१ जुलै २०१२ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रीड आडव्या झाल्या, तेव्हा दक्षिण उभी राहिली ती अशा सांध्यांमुळेच. पण यंत्रणा महागडी, आणि ठरलेल्या क्षमतेपुढे हात आखडता.

थेट जोडणीत फ्रिक्वेन्सी एकच. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा मोठा संच अचानक बंद पडला, तर दूरदूरचे संच आपोआप भार उचलतात. बिघाडही तितक्याच झपाट्यानं पसरतो म्हणा! ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइननं दक्षिण ग्रीड अशीच देशाला जोडली गेली.

नुसती देवाणघेवाण हवी असेल तर स्टेशन पुरे. कायमचा संसार थाटायचा तर मला थेट तारच पटते. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया या बाल्टिक देशांनीही तेच केलं. ८ फेब्रुवारी २०२५ला रशियाची ग्रीड सोडली, दिवसभर तिघांनी मिळून आपली फ्रिक्वेन्सी सांभाळली आणि दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे युरोपच्या ग्रीडला थेट जोडले गेले.