विनापित्ताशय काही महिने: ऑपरेशनला पैकीच्या पैकी, बिलाला नाही

मेडिक्लेमचा हिशेब परवा हातात पडला, म्हणून लिहायला बसलो. हातमोजे, मास्क, गाऊन, सगळं 'नॉन-पेएबल', म्हणजे विमा कंपनी देणार नाही. ऑपरेशन काय उघड्या हातांनी करायचं होतं? ते जाऊ दे. माझा खरा राग सोनोग्राफीवर आहे.

पित्ताशयात खडा आहे हे आधीच कळलेलं, रिपोर्ट फायलीत होता. त्या रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ उठली ती थांबेचना. पाठीत, खांद्यापर्यंत गेली, उलट्या झाल्या, वर ताप. कोल्हापुरातल्याच एका हॉस्पिटलात नेलं. आधी ईसीजी, मग रक्त, मग पुन्हा सोनोग्राफी. मी म्हटलं, अहो, रिपोर्ट हाय की माझ्याकडं! कोण ऐकतंय? आणि तीच तपासणी बाहेरच्या सेंटरला निम्म्या पैशांत होते.

घरी आल्यावर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले. जुन्यात नुसता खडा, पित्ताशयाची भिंत नॉर्मल. नव्यात भिंत 6 मिमी (3 च्या आत हवी), भोवती पाणी, खडा पित्ताशयाच्या मानेशी (तोंडाजवळच्या अरुंद भागात) अडकलेला. शिवाय सोनोग्राफीचा प्रोब पोटावर दाबल्यावर मी कळवळलो, तेही लिहिलंय. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. खडा असणं वेगळं, सूज येणं वेगळं. जुन्या कागदावर हे कळलं नसतं. राग निम्मा उतरला. दराचा उतरलेला नाही. रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ असली की वाढतं ते) नॉर्मल आल्यानं एमआरसीपीचा, म्हणजे पित्तनळीत खडा आहे का बघणाऱ्या एमआरआयचा, खर्च तेवढा वाचला.

तोंडानं काही द्यायचं नाही, सलाईन, अँटिबायोटिक, वेदनेचं इंजेक्शन. पाहुणे म्हणाले, सूज उतरू दे, दीड महिन्यानं बघू. पूर्वी तसंच करायचे म्हणे. सर्जन म्हणाले, पेशंट फिट असेल तर आता पहिल्या 72 तासांत, फार तर आठवडाभरात पित्ताशयच काढून टाकतात. थांबलं तर मधेच पुन्हा उठतं. मला पटलं ते वेगळ्याच कारणानं: दोनदा दाखल, दोनदा खोलीभाडं.

दुर्बिणीतून, चार भोकं. टाक्यांपेक्षा खांदाच जास्त दुखला, पोटात भरलेल्या गॅसमुळं. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आता पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरतं. सुरुवातीला तेलकट खाल्लं की पळावं लागायचं. सध्या पांढरा रस्सा बिनधास्त, मिसळीचा कट मात्र बेतानं.

पॉलिसी नवी असेल तर कागद आधी वाचा. बहुतेक ठिकाणी पित्ताच्या खड्यांना 2 वर्षं वेटिंग असतं, म्हणजे तोवर त्याचा क्लेम मिळत नाही. माझी जुनी, म्हणून कॅशलेस झालं. सोनोग्राफीच्या दराबद्दल बिलिंग काउंटरला अर्ज दिलाय. पोच दिली नाही. सोमवारी परत जातोय, शिक्का घेतल्याशिवाय हलणार नाही.