परळची रविवारची प्रॅक्टिस बॅच: नर्सिंग, डीएमएलटी, एमबीबीएसवाल्यांनी जावं का?

सरळ सांगते, व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) रेडिमेड नोट्स हव्या असतील तर इथे जाऊ नका, हात बसवायचा असेल तर मात्र नक्की जा. परळला एका मंडळाची अभ्यासिका आहे (नाव टाकत नाही, आधीच बसायला जागा नसते), तिथे रविवारी दुपारी हेल्थकेअरची पोरं एकमेकांना शिकवतात. केईएम, टाटा, वाडिया ही हॉस्पिटलं चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे नर्सिंग, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), फिजिओ, एमबीबीएस अशी सगळी मिसळ असते. सर-मॅडम कोणी नाही, फायनल इयरवाले सेकंड इयरला शिकवतात, सेकंड इयरवाले फर्स्ट इयरला. फी म्हणून काही नाही, महिन्याला थोडी वर्गणी, त्यातून ग्लोव्ह्ज आणि कॅन्युला (सलाईनसाठी सुईवरून शिरेत सरकवायची प्लास्टिकची बारीक नळी) येतात.

मी सेकंड इयर बीएस्सी नर्सिंग, डोंबिवलीहून येते. रविवारी मेगाब्लॉक असला की यायला जीव जातो, तरी येते, यातच काय ते समजा.

पहिलं म्हणजे शिकवायची पद्धत. कॅन्युला लावायला शिकवणारी ताई आधी डमी हातावर एकदा गपचूप लावून दाखवते, नेहमीच्या स्पीडने, एक शब्द न बोलता. मग परत लावते, यावेळी हळू आणि प्रत्येक स्टेप सांगत. तिसऱ्यांदा गंमत आहे, ती लावते पण सांगायचं आपण, आपण बोलू तेवढंच ती करणार. मी टॉर्निकेट (दंडाला बांधलेला पट्टा) सोडायला सांगायला विसरले तर ती तशीच स्टायलेट (आतली सुई) काढायच्या बेतात थांबून माझ्याकडे बघत बसली! चौथ्यांदा आपण करायचं. ही पेटन नावाच्या सर्जनची चार पायऱ्यांची पद्धत आहे म्हणे, पुस्तकात असेल, पण वॉर्डात पोस्टिंगला कोणाला एवढा वेळ असतो? तिथे सिस्टर एकदा दाखवणार, ते पण पाच जणींच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढं.

आणि ताईला अडकतं कुठे ते बरोबर माहीत असतं, कारण गेल्या वर्षी ती स्वतः तिथेच अडकलेली. फ्लॅशबॅक (सुईच्या मागे आलेलं रक्त) दिसला की आपण खूश होऊन लगेच प्लास्टिक ढकलायला जातो, पण तेव्हा सुईचं टोक आत असतं, प्लास्टिकचं टोक अजून बाहेरच असू शकतं, म्हणून अँगल कमी करून अजून दोनेक मिलिमीटर आत जायचं आणि मगच सरकवायचं. वीस वर्षं कॅन्युला लावणाऱ्या माणसाच्या हाताला हे इतकं सवयीचं झालेलं असतं की त्याला सांगायचं सुचतच नाही.

हँडवॉशचं स्टेशन तर फर्स्ट इयरवाल्यांनी चुकवूच नका. सगळ्यांना वाटतं हात धुणं काय शिकायचं. ग्लोव्ह्ज घालायचे, डोळे बंद, तळहातावर पोस्टर कलर ओततात आणि म्हणतात चोळा जसं रोज चोळता तसं. डोळे उघडले की अंगठे आणि बोटांची टोकं पांढरीच्या पांढरी! साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात हे पाठ सगळ्यांचंच असतं हो, पण त्या वेळात नेमकं काय सुटतं ते रंग दाखवतो.

बीपीसाठी दोघांनी मिळून ऐकायचा एक स्टेथो आहे, डायफ्रॅम (हातावर टेकवायची चकती) एकच आणि नळ्या दोघांच्या कानात. आधी नाडी हातात धरून कफ फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली की त्या आकड्याच्या अजून ३० mmHg वर न्यायचा, मग सेकंदाला २-३ mmHg च्या स्पीडने सोडायचा. सीनियर मध्येच विचारतो, आता आला का आवाज? 'आला' म्हणून ठोकून द्यायची सोय नाही कारण त्याच्या पण कानात तेच चाललंय. हे एक यंत्र कॉलेजांमध्ये का नसतं देव जाणे.

वेगवेगळ्या कोर्सची पोरं एकत्र असल्याचा फायदा पण सांगते. एकदा एक एमबीबीएसवाला दादा ब्लड कलेक्शन दाखवताना म्हणाला, रक्त कमी पडलं तर जांभळ्या ट्यूबमधलं थोडं लालमध्ये ओता, चालतं. डीएमएलटीची मुलगी जागेवरून ओरडलीच, अजिबात नाही! जांभळ्यात पोटॅशियमवालं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं, ते लालमध्ये गेलं की पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं आणि कॅल्शियम खोटं कमी, आणि डॉक्टर नसलेल्या आजारामागे धावतो. दादाने निमूट ऐकलं, पुढच्या बॅचला तोच हे रंगवून सांगत होता.

पण हीच माझी मोठी तक्रार पण आहे. त्या दिवशी ती मुलगी नसती तर? चुकीची गोष्ट इतक्या कॉन्फिडन्सने सांगितली जाते की ज्युनियर वहीत लिहून घेणार आणि पुढे तेच शिकवणार. महिन्यातून एकदा एक रिटायर्ड सिस्टर येऊन बसतात, काही बोलत नाहीत, फक्त चुकलं की चष्म्यावरून बघतात, आणि त्या रविवारी सगळे दुप्पट वाचून येतात. त्या दर रविवारी यायला हव्यात, निदान औषधांच्या डोसच्या दिवशी तरी. सध्या डोसचं काहीही इथे ऐकलं तरी घरी जाऊन पुस्तकात बघा.

बाकी तक्रारी छोट्या. डमी हाताला इतकी भोकं पडलीत की व्हेन (शीर) चाचपायची गरजच नाही, भोक बघा आणि घाला, त्यामुळे खऱ्या पेशंटच्या हातावर परत शून्यापासून. नवीन स्किन मागवायला हवी. सीपीआरचा डमी एकच, त्याचं क्लिक वाजणं बंद झालंय, छाती पाच-सहा सेंटिमीटर दाबली गेली की नाही ते शेजारचा डोळ्यांनी ठरवतो. परीक्षा जवळ आली की सीनियर गायब. पंखा एक.

नियम मात्र कडक आहेत आणि ते मला आवडलं. एकमेकांना सुई टोचायची नाही, कितीही हौस असली तरी फक्त डमीवर. वापरलेली सुई पांढऱ्या पंक्चर-प्रूफ डब्यात, टोपी परत लावताना दिसलात तर त्या दिवशी नुसतं बघायचं. आणि जे आज शिकलात ते पुढच्या रविवारी कोणाला तरी शिकवायचं. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आलेला, पण हँडवॉश शिकवायचं ठरलं तेव्हा आठवडाभर मी जेवढं वाचलं तेवढं परीक्षेला नाही वाचलं, कारण फर्स्ट इयरची पोरं 'का' फार विचारतात. नळ टिश्यूने का बंद करायचा, घड्याळ का काढायचं, एक ना दोन. तसं मोठ्या पोरांनी लहानांना शिकवायचं हे काही नवीन खूळ नाही, अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल हेच करवून घ्यायचा आणि पुढे इंग्लंडमध्ये ते मद्रास सिस्टिम म्हणून चाललं.

पैसे भरून एका वीकेंड वर्कशॉपला पण गेलेय मी, नाव नको. एसी हॉल, सर्टिफिकेट, जेवण उत्तम, आणि डमीला हात लागला एकदाच, तो पण फोटोपुरता.

येणार असाल तर शनिवारी रात्रीपर्यंत अभ्यासिकेतल्या वहीत नाव लिहा, दुपारी तीननंतर आलात तर उभं राहावं लागेल. गुलाबी किंवा निळी (रंगावरून साइज ओळखतात) कॅन्युला स्वतःची आणलीत तर जास्त वेळा करायला मिळतं. नखं कापून या, ती डीएमएलटीवाली मुलगी दारातच बघते.