बिवळ्याचा ग्लास आणि माझे दोन हजार रुपये

34 वर्षं हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस मधुमेहावर म्हणून विकल्या जाणाऱ्या बिवळ्याच्या लाकडी ग्लासात फसला, हे सांगायला लाज वाटते. पण गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघांनी तसलेच ग्लास घेतल्याचं कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

डिसेंबरात कोल्हापुरात एका मैदानावर हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं. एका स्टॉलवर काचेची बरणी, बरणीत पाणी, पाण्यात लाकडाचे चार तुकडे. पाणी फिकट सोनेरी. स्टॉलवरच्या पोरानं बरणी उचलून उन्हात धरली, मागं काळा कागद लावला, आणि पाण्याच्या कडेला निळी झाक उठली. कागद काढला की पुन्हा सोनेरी. मी जागेवरच थांबलो.

“सर, शिक्षक का तुम्ही?” पोरगं हुशार. मी हो म्हटल्यावर त्यानं टेबलाखालून एक वाळकी शेंग काढून माझ्या हातात ठेवली. आता ही शेंग म्हणजे माझा जुना लाडका विषय. शिंबावंत कुल म्हटलं की मुलांना वाटाणा, घेवडा, चिंच आठवते. बिवळ्याची शेंग यातली कुणासारखीच नाही. गोल, चपटी, साधारण पाच सेंटिमीटरची, मध्ये एकदोन बियांचा टणक फुगवटा आणि भोवती कागदासारखा पातळ पंख. लहानसा फुलकाच म्हणा. तव्यावर फुगायचा राहिलेला. वाऱ्यावर गिरक्या घेत लांब जाऊन पडते. टेरोकार्पस या बिवळ्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘पंखवालं फळ’. सहलीला आजऱ्याकडच्या रानात हीच शेंग मी पोरांना वेचायला लावायचो. ती हातात आली आणि मी ग्राहकाचा पुन्हा मास्तर झालो. स्टॉलभोवतीच्या चारपाच जणांना मीच फुकट व्याख्यान दिलं: तीस मीटरपर्यंत उंच जाणारं पानझडी झाड, एका पानाला पाच ते सात पर्णिका, पर्णिकेच्या टोकाला बारीक खाच, पिवळी सुगंधी फुलं, सालीवर घाव घातला की रक्तासारखा लाल डिंक वाहतो, रक्तचंदन याचंच भावंड. लोक ऐकत होते, पोरगं हसत होतं. त्या दिवशी त्याचे निदान सहा ग्लास माझ्या तोंडच्या माहितीवर खपले असतील. हे आठवलं की पैसे गेल्यापेक्षा जास्त लागतं.

एक ग्लास बाराशे, जोडी दोन हजार. “रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी अनशापोटी प्या. तीन महिन्यांत गोळी सुटते, सर.” मला साखरेचा त्रास नऊ वर्षं. जोडी घेतली. एक मला, एक मेव्हण्यांना.

पहिल्या सकाळी पाणी काळ्या चहासारखं. बायको म्हणाली, “अहो, बरणीतलं पाणी तर सोनेरी होतं म्हणालात ना?” मी सांगितलं, बरणीत चारच तुकडे होते, इथं अख्खा ग्लास आहे, अर्क जास्त उतरणारच. स्वतःला समजवायला विज्ञान फार उपयोगी पडतं. निळी झाक दिसते का, हे मी एकदाही उन्हात धरून पाहिलं नाही. बरणीत पाहिली होती ना!

नवव्या दिवशी पाणी नुसत्या पाण्यासारखं. ग्लासाच्या तळाशी बोट फिरवलं तर आतला थर खरवडल्यासारखा, आणि एका जागी नखाएवढं पांढुरकं लाकूड उघडं पडलेलं. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.

ग्लास घेऊन गल्लीतल्या सुतारमिस्त्रींकडे गेलो. त्यांनी काठावरून पटाशी घातली, एक ढलपी काढली आणि जिभेला लावली. “मास्तर, ह्यो बिवळा न्हाई. कुठलं तरी पांढरं लाकूड हाय, वरनं रंग पाजलाय. बिवळा कापताना हात ओले असले तर पिवळे हुत्यात. माझ्या बाच्या बनियनला डाग असायचे, कधी गेले न्हाईत.” मग त्यांनी आतून एका जुन्या चौकटीचा तुकडा आणला, पाडलेल्या वाड्यातला. रंध्यानं दोन भुरके काढून काचेच्या ग्लासात टाकले. थोड्याच वेळात पाणी पिवळसर झालं. मी मिस्त्रींची काळी छत्री उघडून मागं धरली, ग्लास उन्हात तिरका केला. निळं! कडेनं, अगदी बारीक, पण स्पष्ट. मिस्त्रींच्या नातवानं चहासाठी कापलेल्या लिंबाची फोड त्यात पिळली. निळं गेलं. मी चिमूटभर खायचा सोडा टाकला. फसफसून निवलं आणि निळं परत आलं. माझ्या रंगाच्या पाण्यात यातलं काहीच झालं नाही. ते नुसतं तपकिरी राहिलं.

ही निळी झाक खरी आहे, म्हणून तर ती गळाला लावता येते. निकोलास मोनार्देस या स्पॅनिश वैद्यानं 1565 मध्ये मेक्सिकोहून येणाऱ्या अशाच एका लाकडाबद्दल लिहून ठेवलंय. त्याचं पाणी निळं दिसायचं आणि ते मूत्रविकारावर द्यायचे. तेही झाड शिंबावंत कुलातलंच, पण लहानखुरं. 1664 मध्ये रॉबर्ट बॉइलनं त्याच पाण्यावर आम्ल-अल्कलीचा प्रयोग केला. आम्लानं निळं मरतं, अल्कलीनं परत येतं. म्हणजे मिस्त्रींच्या ओसरीवर आम्ही जे केलं ते काही नवीन नव्हतं. फिलिपिन्सचा राष्ट्रीय वृक्ष नारा हा बिवळ्याचा सख्खा भाऊ, त्याच्याही पेल्यांची जुनी ख्याती आहे. चारशे-साडेचारशे वर्षं लोक या पाण्याकडे बघून तोंडात बोट घालतायत. मी एकटाच नाही, एवढाच दिलासा.

पण लाकूड खोटं निघालं हा अर्धाच भाग. खरं असतं तरी काय झालं असतं, हे मी नंतर वाचलं. जे घ्यायच्या आधी वाचायला हवं होतं. बिवळा (दुकानात याला हिंदीतलं विजयसार हेच नाव चालतं) आयुर्वेदात प्रमेहावर (मधुमेह त्यातच येतो) सांगितलेला आहे, यात खोटं काही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 1998 मध्ये छापून आलेली एक चाचणीही आहे. 97 रुग्ण, बारा आठवडे, 67 जणांची साखर आटोक्यात आली. स्टॉलवरच्या पत्रकात एवढंच होतं. पत्रकात नव्हतं ते असं: ते सगळे नव्यानं निदान झालेले रुग्ण होते, त्यांना मोजून-मापून अर्क दिला होता, ग्लासातलं पाणी नव्हे, आणि तुलनेला औषध न घेतलेला गटच नव्हता. नऊ वर्षं जुन्या रोग्यानं रात्रभर भिजवलेलं पाणी पिऊन गोळी सोडावी, असं त्यात कुठंही नाही. मी मात्र गोळी निम्मी केली होती. डॉक्टरांना न विचारता. फेब्रुवारीत रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) 7.2 वरून 9.1 वर गेलेली दिसली. डॉक्टर फक्त म्हणाले, “सर, तुम्हीसुद्धा?” मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

पावती शोधली. तिच्यावर ‘असन वुड ग्लास, शोभेची वस्तू’ असं छापलेलं. शोभेची वस्तू! म्हणजे औषध म्हणून तक्रार करायची सोयच ठेवलेली नाही. आणि ‘असन’ हीही गंमतच. बिवळ्यालाही असन म्हणतात आणि ऐनालाही काही ठिकाणी तेच नाव आहे. ऐन हा हिरड्या-बेहड्याच्या घरातला, शेंगेशी त्याचा काही संबंध नाही. उद्या कुणी हटकलंच तर दाखवायला बोट मोकळं. पावतीवरचा फोन बंद लागतो. ग्राहक आयोगाकडे कागद दिलेत, बघू.

आणखी एक गोष्ट मला तिथंच खटकायला हवी होती. टेबलावर शेदीडशे ग्लास होते. बिवळा हे काही रस्त्याकडेचं झाड नाही. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत तो ‘बिजा’ या नावानं आहे, स्वतःच्या मालकीचा तोडायचा तरी परवानगी लागते. एवढं लाकूड कुठून आलं, वाहतुकीचा पास कुठाय, असं नुसतं विचारलं असतं तरी पोरगं गडबडलं असतं. पण मी व्याख्यान देण्यात गुंतलो होतो.

घेणारच असाल तर ग्लासाच्या आत विकणाऱ्याला तुमच्यासमोर पाणी ओतायला लावा आणि त्यात निळी झाक येते का ते बघा, बरणीतलं पाणी बघू नका. बरणीतले तुकडे खरेच असतात. अर्धा तास थांबायला तो तयार नसेल तर चपला घाला आणि निघा. आणि गोळीला हात लावू नका.

दुसरा ग्लास मेव्हण्यांकडे आहे. त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “दाजी, तुमचा खोटा निघाला असेल. मला तर फार फरक वाटतोय.” गोळी चालू आहे का विचारलं तर विषय बदलला. येत्या रविवारी ते जेवायला येणार आहेत. मिस्त्रींकडून दोन भुरके मागून आणलेत, छत्रीही काढून ठेवलीय.